शेजारच्या आजोबांची अक्रोडाची रायफल घेऊ, की नवी सिंथेटिक?

नमस्कार ताई,
मी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला राहतो, मूळचा कराडचा. ग्रीन कार्ड झालंय, यंदा हंटर सेफ्टीचा कोर्सही पास झालोय. ऑफिसातले दोघे-तिघे दर नोव्हेंबरला नॉर्थवुड्सला, म्हणजे उत्तरेकडच्या जंगलात, डियर सीझनला हरणाच्या शिकारीला जातात, यावर्षी मलाही बोलावलंय. पहिलीच रायफल घ्यायचीय, स्कोप धरून बजेट १२०० डॉलर. आमच्या गल्लीत ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ आहेत, ते त्यांची रेमिंग्टन ७०० विकतायत, सत्तरच्या दशकातली, ३०-०६ कॅलिबरची (म्हणजे त्या मापाच्या गोळीची), अक्रोडाच्या लाकडाचा चकचकीत स्टॉक म्हणजे दस्ता, ५५० मागतायत. ती हातात घेतली आणि आजोबांची बारा बोअर आठवली, आमच्या वाड्यात दिवाणखान्यात टांगलेली असायची, आणि दिवाळीच्या आधी आजोबा तिच्या दस्त्याला अळशीचं तेल चोळत बसायचे. ऑफिसातला मित्र म्हणतो वेडा आहेस का, लाकूड पावसात वाकतं, नेम जातो, सरळ सिंथेटिक घे. पण ते काळं प्लास्टिक बघून मला काही वाटतच नाही हो. माझी उंची पाच फूट पाच, आत्तापर्यंत मित्राचीच रायफल रेंजवर थोडी चालवलीय. घेतली तर फायरप्लेसच्या वर टांगावी असंही मनात आहे. अळशीचं तेलच लावायचं ना? काय करू ते स्पष्ट सांगा.
— कराडकर, मॅडिसन

अरे, स्पष्टच सांगते. पहिली रायफल सिंथेटिकच घे. पण मित्र जे कारण देतोय त्यासाठी नाही, कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि जे अर्धं खरं आहे ते तुझ्या बाबतीत फारसं महत्त्वाचं नाही. खरं कारण तुझी उंची, तुझा खांदा आणि विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरात अंगावर असणारं जाड जॅकेट. ते नीट समजावून सांगते, कारण तू लाकडाकडे ओढला गेलायस ते मला कळतं, मलाही लाकूडच आवडतं, आणि उगाच कोणीतरी "प्लास्टिक बेस्ट" म्हटलं म्हणून आवड मारून टाकू नये.

आधी मित्राचं खरं किती ते बघू. लाकूड हलतं. पावसाळ्यात आपल्याकडे दार फुगून चौकटीत अडकतं ना, तेच रायफलच्या स्टॉकमध्ये होतं, फक्त मिलिमीटरच्या हिशोबात. लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषांच्या लांबीत जवळपास वाढत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं, आणि स्टॉकमधल्या रेषा कुठेतरी तिरक्या गेलेल्या असतील तर दोन्ही बाजू सारख्या हलत नाहीत, मग पुढचा भाग किंचित पीळ खातो आणि बॅरलला एका बाजूने टेकतो. गोळी सुटताना बॅरल थरथरतं, ते दरवेळी सारखंच थरथरलं तर गोळ्या एका जागी जातात, पण एका अंगाने लाकूड दाबत असेल आणि तो दाब आज एवढा उद्या तेवढा असेल तर गोळ्यांची जागाही बदलणार. एवढंच आहे ते, यात गूढ काही नाही.

आणि लोक पाऊस पाऊस करतात पण आपल्या इथे खरा वांधा करतं ते घरातलं हीटिंग. ऑगस्टमध्ये हवेत ७० टक्के दमटपणा असतो, तेव्हा लाकडात साधारण १३ टक्के पाणी मुरलेलं असतं, आणि नोव्हेंबरनंतर फर्नेस सुरू झाली की घरातली हवा २० टक्क्यांवर येते, लाकूड हळूहळू ४-५ टक्क्यांवर उतरायला बघतं. म्हणजे रायफल कपाटात पडून असली तरी स्टॉक आकसत असतो! माझ्या ओळखीच्या एकाने उन्हाळ्यात रेंजवर अगदी छान झिरो करून, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवून, ठेवली होती, नोव्हेंबरात तीच रायफल १०० यार्डावर दोन इंच डावीकडे मारायला लागली. स्कोप बदलायला निघाला होता. आम्ही दोन स्क्रू सोडून अ‍ॅक्शन (बॅरलच्या मागचा गोळी झाडणारा भाग) स्टॉकमधून बाहेर काढली तर बॅरलच्या खोबणीत टोकाजवळ डाव्या भिंतीवर नखाएवढा एक चकचकीत डाग, लाकूड तिथे घासून गुळगुळीत झालेलं. बाकी सगळीकडे खोबणी खरखरीत, कोरडी, पॉलिश नावाला नाही. बाहेरून मात्र स्टॉक आरशासारखा.

ही गोष्ट सैन्याच्याही लक्षात आली होती. अमेरिकन मरीन्सनी १९६६ मध्ये स्नायपरसाठी जी एम-४० घेतली ती रेमिंग्टन ७०० च्याच अ‍ॅक्शनवरची, लाकडी स्टॉकची. व्हिएतनामच्या गरमीत आणि दमटपणात ते स्टॉक फुगायला, पीळ खायला लागले, आणि सत्तरच्या दशकात तिची पुढची आवृत्ती एम-४०ए१ आली ती मॅकमिलनच्या फायबरग्लास स्टॉकवर. तुझ्या मित्राला हे माहीत असेल तर तो तुला हेच ऐकवणार. पण स्नायपरला लांबवरचं छोटंसं लक्ष्य गाठायचं असतं, तुला नाही. नॉर्थवुड्सच्या झाडीत तुला मिळणारा शॉट बहुतेक वेळा १०० यार्डाच्या आतला असेल, आणि हरणाच्या छातीतली जी जागा साधायची, हृदय आणि फुफ्फुसं, ती साधारण आठ इंचांची असते. आठ इंचांच्या जागेत मध्यावर नेम धरलास आणि रायफल दोन इंच डावीकडे गेली तरी हरीण तुझंच. म्हणून म्हणते, "लाकूड वाकतं" हे खरं असलं तरी तेवढ्यासाठी लाकूड टाकून द्यायचं कारण नाही, सीझनच्या आधी आठवडाभर रेंजवर जाऊन झिरो तपासला की तो प्रश्न संपला. कित्येक घरांत तीन-तीन पिढ्या अक्रोडाच्या स्टॉकवर फ्रीझर भरत आल्यात.

मग हरीण हुकतं कशाने? घाबरून ट्रिगर ओढल्याने. धक्का बसणार, बसणार म्हणून शरीर आधीच आक्रसतं, डोळा मिटतो, आणि गोळी आठ इंच काय दोन फूट बाजूला जाते. किंवा त्याहून वाईट, पोटात लागते, आणि मग ते जनावर मैलभर तडफडत जातं आणि तुम्ही अंधारात रक्ताचे थेंब शोधत फिरता. हे टाळणं ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी आहे, बाकी सगळं नंतर. आणि इथेच शेजारच्या आजोबांची रायफल तुझ्यासाठी चुकीची ठरते.

कारण असं की ३०-०६ चा धक्का आठ पाउंडांच्या रायफलमध्ये साधारण २० फूट-पाउंड असतो, आणि ६.५ क्रीडमूर नावाच्या दुसऱ्या कॅलिबरचा तेवढ्याच वजनात १२-१३. नवख्या माणसाला हा फरक पहिल्या दहा गोळ्यांतच खांद्यावर कळतो. त्यात त्या जुन्या ७०० चा स्टॉक ट्रिगरपासून मागच्या टोकापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास, म्हणजे पावणेसहा फुटी माणसाला साध्या शर्टात बसेल असा. मी स्वतः पाच फूट दोन आहे, त्यामुळे मला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही! आपल्या मापाच्या माणसाने लांब स्टॉक खांद्याला लावला की मान पुढे ताणावी लागते, डावा हात सरळ ताठ होतो, आणि स्टॉकच्या टोकाचा रबरी रिकॉइल पॅड खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर दंडाकडे सरकतो, मग धक्का सगळा हाडावर. आणि हे शर्टवर. डियर सीझनला तू दोन थरांवर फुगीर केशरी जॅकेट घालणार, तिथेच एक इंच जातो. समोर हरीण आलंय, तू हळूच रायफल उचलतोयस आणि पॅडचं रबर काखेतल्या कापडात अडकतंय, हे चित्र डोळ्यासमोर आण. तेवढ्या झटापटीत हरणाची शेपटी वर, आणि गेलं ते.

लाकडी स्टॉक कापून लहान करता येतो, अगदी सहज येतो, उलट लाकडाचा तो मोठाच गुण आहे की गनस्मिथ त्याला कापू शकतो, घासू शकतो, तडा गेला तर चिकटवू शकतो. पण पन्नास वर्षं जपलेल्या त्या स्टॉकवर तू पहिल्याच महिन्यात करवत चालवावीस हे मला बरं वाटत नाही, आणि त्या गृहस्थांनाही वाटणार नाही.

सिंथेटिकमध्ये आता हे सोपं झालंय. सॅव्हेज ११० चं जे अ‍ॅक्युफिट म्हणून मॉडेल २०१८ पासून येतंय त्यात पॅडच्या मागे पाव-पाव इंचाच्या चकत्या असतात, काढल्या की स्टॉक पावणेतेरा इंचांपर्यंत लहान होतो, घातल्या की पावणेचौदा. गाल टेकायचा भागही वेगवेगळ्या उंचीचे तुकडे लावून वर-खाली करता येतो. रुगरच्या अमेरिकन मालिकेतल्या नव्या मॉडेल्समध्येही अशी सोय आलीय. म्हणजे सप्टेंबरात टी-शर्टवर सराव करताना एक चकती जास्त, नोव्हेंबरात जॅकेटवर एक कमी, स्क्रूड्रायव्हर घेऊन पाच मिनिटांचं काम. फक्त लांबी बदललीस की डोळा स्कोपच्या जवळ किंवा लांब जातो हे विसरू नकोस, लहान केल्यावर स्कोप तेवढा पुढे सरकवून घे, नाहीतर धक्क्याबरोबर स्कोपची कड भुवईवर बसते आणि टाके पडतात.

दुकानात जाताना जॅकेट घेऊन जा. हो, ऑगस्ट असला तरी! जॅकेट घाल, डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, गाल टेकव आणि मग डोळे उघड. मान न हलवता स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर स्टॉक तुझ्या मापाचा, काळी चंद्रकोर दिसली तर नाही. असं चार-पाच वेळा कर. कोपराच्या खोबणीत बट, म्हणजे स्टॉकचं मागचं टोक, ठेवून बोट ट्रिगरपर्यंत पोचतं का बघा असं सांगणारे भेटतील, त्या मापावर विसंबू नकोस, त्यात खांदा, मान, छाती काहीच मोजलं जात नाही. आणि हे सगळं करायच्या आधी बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, उघडून रायफल रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, दुकानदाराने बघितलं असलं तरीही.

आता सिंथेटिक म्हणजे सगळं एकच असं समजू नकोस. स्वस्तातला स्टॉक म्हणजे साच्यात ओतलेलं नायलॉनसारखं पॉलिमर, आतून पोकळ. त्याचा पुढचा भाग आणि बॅरल एका मुठीत धरून अंगठ्याने दाबून बघ, काही स्टॉकमध्ये मधली फट लगेच मिटते आणि प्लास्टिक बॅरलला टेकतं. म्हणजे ज्या कारणासाठी तू लाकूड सोडलंस तेच इथे परत आलं! पाऊस नको न हीटिंग नको, नुसता पट्टा ताणून धरला किंवा पुढचा भाग कठड्यावर जोरात टेकवला की झालं. जो स्टॉक अंगठ्याने दबत नाही तो घे. अ‍ॅक्युफिटच्या आत अ‍ॅल्युमिनियमची चौकट आहे, अ‍ॅक्शन तिच्यात बसते, म्हणून तो भाग मला पसंत आहे. टिक्का टी३एक्सचा साधा सिंथेटिक स्टॉकही कडक असतो आणि रायफल अतिशय गोड चालते, फक्त ती फार हलकी आहे आणि हलक्या रायफलचा धक्का जास्त, हे हिशोबात धर. फायबरग्लास आणि कार्बन फायबरचे हाताने थर लावून केलेले स्टॉक असतात ते वेगळंच प्रकरण, तुझं अख्खं बजेट एका स्टॉकमध्ये जाईल, सोडून दे.

सिंथेटिकची एक खोड मात्र तुला जंगलातच कळेल, ती म्हणजे आवाज. पोकळ प्लास्टिकला जॅकेटची चेन घासली, ट्री स्टँडच्या, म्हणजे झाडावरच्या मचाणाच्या, लोखंडी दांडीला बट लागला, की टक् असा आवाज होतो आणि थंडीतल्या त्या शांततेत तो फार लांब जातो. लाकडाचा आवाज बसका असतो, विरून जातो. यावर उपाय, काहीजण पोकळ बटमध्ये फोम भरतात, मी तर साधी कापडी चिकटपट्टी स्टॉकच्या खालच्या बाजूला लावते. दिसायला काही खास नाही, पण हरणाला कुठे बघायचंय.

आणि "प्लास्टिक बघून काही वाटत नाही" म्हणतोस ते मी मनापासून मान्य करते. पण हे काही कालपरवाचं फॅड नाही. रेमिंग्टननेच १९५९ मध्ये नायलॉन ६६ नावाची .२२ कॅलिबरची रायफल काढली, ड्यूपॉंटच्या नायलॉनची, आणि ती पोरासोरांनी आणि ट्रॅपर, म्हणजे सापळे लावणाऱ्या, लोकांनी चिखलात, बर्फात वापरून वापरून दाखवून दिलं की टिकते. काळ्या स्टॉकवर ओरखडा पडला तर जीव हळहळत नाही, आणि पहिल्या सीझनला ओरखडे पडणारच, कुंपणावरून रायफल पलीकडे देताना, गाडीत चढवताना, स्टँडवर दोरीने वर खेचताना. लक्ष हरणावर, सेफ्टीवर, नळीच्या दिशेवर असायला हवं, चकचकीत पॉलिशवर नाही.

तरीही लाकूडच हवं असा हट्ट असेल तर मधला रस्ता लॅमिनेटचा. बर्चचे पातळ पापुद्रे रेझिनमध्ये चिकटवून, दाबून तो ठोकळा करतात आणि त्यातून स्टॉक कोरतात, प्रत्येक थर दुसऱ्याला धरून ठेवतो म्हणून हलत जवळपास नाही. वजनाला जड पडतो, पण तू डोंगर चढणार नाहीस, स्टँडवर बसणार आहेस, आणि जड रायफलचा धक्का कमी. पट्ट्यापट्ट्यांचं ते रूप सगळ्यांना आवडत नाही, मला आवडतं. फक्त बहुतेक लॅमिनेट स्टॉकना लांबी बदलायची सोय नसते, म्हणजे परत गनस्मिथकडे जाणं आलं.

आता शेजारच्या आजोबांची रायफल. माझं ऐकून ती आत्ता घेऊ नकोस, पण माणसाचं मन आहे, दोन वर्षांनी म्हणशील आता घेतोच, तेव्हा काय बघायचं ते सांगून ठेवते. एक डॉलरची नोट घे, बॅरल आणि स्टॉकच्या मधून पुढून मागे सरकव. त्या काळातल्या ७०० ला टोकाजवळ मुद्दाम एक उंचवटा ठेवलेला असायचा, बॅरलला खालून हलका दाब देण्यासाठी, तिथे नोट अडकली तर ते कंपनीचंच काम आहे, घाबरू नकोस. त्याच्या मागे मात्र नोट सरळ अ‍ॅक्शनपर्यंत गेली पाहिजे, एका बाजूला अडकली तर स्टॉक पीळ खाल्लेला आहे. मग त्यांना विनंती करून अ‍ॅक्शन बाहेर काढायला सांग. पितळ उघडं पडतं ते इथे, लाकूड ओलावा धरून ठेवतं आणि तो लोखंडाला चिकटून बसतो, म्हणून वरून निळीशार दिसणारी रायफल खालून गंजलेली निघू शकते. अ‍ॅक्शनच्या मागे, मनगटासारख्या बारीक भागात केसाएवढा तडा आहे का ते टॉर्च मारून बघ. खोबणीतलं लाकूड तेलाने काळं, मऊ पडलंय का ते नखाने दाबून बघ, वर्षानुवर्षं बंदुकीचं तेल झिरपलं की लाकडाचा जोर जातो आणि स्क्रू कितीही आवळले तरी सैल पडतात. आणि त्या मॉडेलच्या जुन्या ट्रिगरबद्दल बऱ्याच तक्रारी झाल्या होत्या, बोट न लावता गोळी सुटते म्हणून, कोर्टात सेटलमेंटही झालं, तेव्हा गनस्मिथला ट्रिगर दाखवल्याशिवाय तिच्यात गोळी घालायची नाही, हे पक्कं. व्यवहार डीलरमार्फतच कर, फॉर्मवर तुझा एलियन नंबर लिहावा लागतो, बॅकग्राउंड चेक होतो, सगळं कागदावर येतं. (हे वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांसाठी: तुम्हाला एरवी बंदूक बाळगता येत नाही, राज्याचं वैध हंटिंग लायसन्स हातात असेल तरच त्यातून सूट मिळते. वकिलाला विचारूनच पुढे जा.)

अळशीच्या तेलाचं विचारलंयस. तुझे आजोबा लावायचे ते बरोबरच होतं, लाकूड जिवंत दिसतं त्याने. पण ७०० च्या स्टॉकवर कंपनीचा जो कडक चकचकीत थर असतो, बोलिंगच्या पिनांना लावतात तसला, त्याच्यावर तेल मुरणारच नाही, नुसतं चिकट राहील. तो थर खरवडलेला असेल तरच तेल. आणि तेव्हाही अळशीचं तेल हवेतला ओलावा फारसा अडवत नाही, टंग ऑइल किंवा पॉलियुरेथेन त्यापेक्षा बरं. लावायचं कुठे, तर जिथे दिसत नाही तिथे! बॅरलच्या खोबणीत, स्क्रूच्या भोकांत, रिकॉइल पॅड काढून त्याच्या मागच्या उघड्या टोकाला, कारण लाकडाच्या कापलेल्या टोकातून पाणी सगळ्यात जास्त आत जातं आणि कारखान्यात तेच भाग बऱ्याचदा कोरडे सोडलेले असतात. एक गोष्ट मात्र अगदी लक्षात ठेव, अळशीचं तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कचऱ्यात टाकायच्या नाहीत. त्या वाळताना आतून गरम होतात आणि आपोआप पेटतात. अमेरिकेतली घरं लाकडाची, गॅरेज घराला चिकटलेलं, बेसमेंटमध्ये नाहीतर गॅरेजमध्ये रात्री आग लागायला एवढं पुरतं. चिंधी बाहेर मोकळी पसरून पूर्ण वाळवायची, मग फेकायची.

आणि फायरप्लेसचा विचार आजच डोक्यातून काढ. लाकडासाठी घरातली सगळ्यात वाईट जागा तीच, खालून गरम कोरडी हवा, एका बाजूने तापतं, एका बाजूने नाही. पण ते सोड. घरात आज मुलं नसतील, उद्या होतील, पाहुण्यांची येतील, चोराला खिडकीतून दिसेल. आजोबांचा काळ वेगळा होता, वाड्यात माणसांचा राबता, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर तर बऱ्याच घरांतल्या बंदुका नुसत्या भिंतीच्या शोभेच्याच राहिल्या. तुझी रायफल चालणारी आहे. ती कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. तिजोरी बेसमेंटमध्ये असेल तर आत सिलिका जेलची मोठी पिशवी ठेव आणि उन्हाळ्यात डीह्युमिडिफायर चालू ठेव, सिंथेटिक असली तरी, कारण स्टॉकला काही होत नसलं तरी बॅरल लोखंडच आहे. हे लोक विसरतात बघ, स्टॉक प्लास्टिकचा म्हणून रायफल ओली तशीच केसमध्ये घालतात आणि दिवाळीला उघडतात तर गंज. सिंथेटिकबरोबर बऱ्याचदा स्टेनलेस स्टील येतं म्हणून ती "पावसाची रायफल" असं नाव पडलंय, त्यातलं निम्मं श्रेय स्टीलचं आहे, आणि स्टेनलेसही पुसावं लागतंच.

कॅलिबरचं तू विचारलं नाहीस तरी सांगते, ६.५ क्रीडमूर किंवा .३०८. पहिल्यात धक्का कमी, दुसऱ्याच्या गोळ्या उत्तरेकडच्या अगदी छोट्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. माझा कल तुझ्यासाठी पहिल्याकडे, फक्त गोळ्या इथूनच पुरेशा घेऊन जा, आणि झिरो ज्या गोळ्यांवर केलास त्याच सीझनला वापर, अगदी त्याच डब्याच्या नावाच्या.

बजेट असं लाव की रायफल आणि ठीकठाक स्कोप मिळून हजाराच्या आत बसेल आणि दोनशे डॉलर गोळ्यांसाठी आणि रेंजच्या फीसाठी राहतील. दोनशे डॉलरचा सराव तुझं हरीण मिळवून देईल, दोनशे डॉलरचा भारी स्टॉक नाही. बेंचवर बसून पाच गोळ्या झिरोसाठी झाडल्या की उठ, मग उभं राहून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, सगळं जॅकेट घालून कर. स्टॉकचे दोन्ही स्क्रू मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळलेत ना ते पाना लावून बघ. कॅम्पवर पोचलास की रात्री रायफल गरम केबिनमध्ये आणू नकोस, थंड लोखंडावर लगेच घाम धरतो, स्कोपच्या काचांवरही. रिकामी करून, केसमध्ये घालून, गाडीत कुलूपबंद, बाहेरच्या थंडीतच राहू दे.

शेजारच्या आजोबांना टाळू नकोस. त्यांना जाऊन सरळ सांग की मी नवखा आहे, तुमची रायफल मला लांब पडते आणि ती कापायची माझी इच्छा नाही. आणि जमलं तर विचार की एखाद्या शनिवारी माझ्याबरोबर रेंजवर याल का. ज्या माणसाने पन्नास वर्षं एक रायफल सांभाळलीय त्याला नॉर्थवुड्सचं वारं, पाऊलवाटा, बसायच्या जागा सगळं पाठ असणार, आणि तुझ्या ऑफिसातल्या मित्रांपेक्षा जास्तच. सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊच दिवस असतो, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून रेंजवर रांगा लागतात, तेव्हा हे सगळं सप्टेंबरात उरकून घे.
— ताई